नियमाची बातमी जॉब तिकिटापर्यंत कशी पोहोचवायची: व्यावसायिक छापखान्यासाठी

आमच्या प्रूफ (मंजुरीसाठी काढलेली नमुना शीट) बघायच्या पेटीतल्या दोन ट्यूब एकाच आठवड्यात गेल्या. पुरवठादाराला फोन केला तर तो म्हणाला, "त्या आता येत नाहीत, एलईडी लावा." लावल्या. खोक्यावर ५००० केल्विन छापलेलं होतं, म्हणजे भागेल असं वाटलं. दुसऱ्या दिवशी मशीनमन दोन शीट घेऊन आला, एक जुनी मंजूर झालेली आणि एक ताजी. दोन्ही पेटीत धरून त्याने विचारलं, "कागद बदललाय का?" कागद तोच होता. फक्त दोन्ही शीट आता पिवळट दिसत होत्या. कागदात घातलेली चकाकी आणणारी रसायनं अतिनील किरण मिळाले तरच कागदाला शुभ्रपणा देतात. जुन्या ट्यूबमध्ये तो भाग होता, आम्ही आणलेल्या स्वस्त एलईडीत नव्हता. प्रूफ बघण्याच्या प्रकाशाचं प्रमाण, म्हणजे आयएसओ ३६६४, नुसत्या ५००० केल्विनवर थांबत नाही. त्यात अतिनील भागही धरलेला आहे.

ट्यूब बंद होणार ही काही गुप्त बातमी नव्हती. युरोपीय संघाने टी५ आणि टी८ या पारा असलेल्या फ्लुरोसंट ट्यूब नव्याने बाजारात आणणं ऑगस्ट २०२३ मध्ये थांबवलं. त्याच वर्षी पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या बैठकीत अशा ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत संपवायचं ठरलं. मी ती बातमी वाचलीही होती. वाटलं, हा वीजवाल्यांचा विषय.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. छापखान्याला लागू पडणाऱ्या बातमीवर 'छपाई' असा शिक्का क्वचितच असतो. ती पाऱ्याची असते, जंगलाची असते, दुधाच्या खोक्याची असते. म्हणून बातम्या जास्त वाचून काही साधत नाही. आपल्या छापखान्यात ती नेमकी कुठे येऊन आदळेल हे ओळखायची व्यवस्था लागते. ती कशी बसवायची, आणि बातमी जॉब तिकिटापर्यंत, म्हणजे प्रत्येक कामासोबत फिरणाऱ्या सूचनांच्या कागदापर्यंत, कशी न्यायची ते पुढे सांगतो. लहान किंवा मध्यम छापखान्यात एका माणसाचा आठवड्याला एक तास पुरतो.

पहिलं काम: दारातून काय येतं आणि काय जातं

कुठल्याही वार्तापत्राला नाव नोंदवायच्या आधी एक वही उघडा. गोदामात जा आणि आत येणारी प्रत्येक वस्तू लिहा: कागद, बोर्ड, शाई, वार्निश, प्लेट, ब्लँकेट वॉश (शाई कागदावर उतरवणारं रबरी ब्लँकेट पुसायचं द्रावण), फाउंटन सोल्युशन, अल्कोहोल, गोंद, लॅमिनेशनची फिल्म, फॉइल, यूव्ही दिवे. मग बाहेर जाणाऱ्या मालाची यादी करा. इथे 'छपाईची कामं' असं मोघम लिहू नका. पुस्तक, कॅलेंडर, डायरी, लेबल, खाद्यपदार्थाचं खोकं, मुलांचं चित्रपुस्तक, नाव-पत्ते छापलेली पत्रं असं वेगवेगळं लिहा. तिसरा रकाना कचऱ्याचा: वापरलेलं सॉल्व्हंट, शाई लागलेल्या चिंध्या, रिकामे डबे.

प्रत्येक ओळीसमोर सीमाशुल्काचा वर्गीकरण क्रमांक टाका. निर्यात करत नसाल तरी टाका, कारण अनेक नियम याच क्रमांकांच्या भाषेत लिहिलेले असतात. छपाईची शाई ३२१५ मध्ये येते, खोकी ४८१९ मध्ये, लेबलं ४८२१ मध्ये, पुस्तकं ४९०१ मध्ये, कॅलेंडर ४९१० मध्ये. डायऱ्या आणि नोंदवह्या ४८२० मध्ये आहेत. म्हणजे डायरी ४८ व्या प्रकरणात आणि कॅलेंडर ४९ व्या. एकाच मशीनवर, एकाच कागदावर, एकाच ग्राहकासाठी छापलेल्या दोन वस्तू कायद्याच्या दोन घरांत राहतात. हा फरक शुष्क वाटेल, पण त्याने काय होतं ते थोडं पुढे येईल.

दुसरं: बातमी कुठून घ्यायची

माझा कल मूळ स्रोताकडे असतो. पुरवठादाराचं पत्रक उपयोगी असतं, पण त्याला माल विकायचा असतो. सल्लागाराच्या मथळ्यात घाबरवण्याचा भाग जास्त असतो.

ई-पिंग नावाची एक मोफत सेवा आहे. जागतिक व्यापार संघटनेचे सदस्य देश व्यापारावर परिणाम करणारे तांत्रिक नियम आणायच्या आधी संघटनेला कळवतात, आणि त्या सूचना वस्तू व देश निवडून ईमेलने मिळतात. वर काढलेले क्रमांक इथे कामाला येतात. मोठा फायदा असा, की नियम मसुद्यात असतानाच कळतो. मतं मांडायला साधारण ६० दिवस असतात आणि तुमच्या व्यवसाय संघटनेला काही बोलायचं असेल तर तेवढीच खिडकी असते.

दुसरा स्रोत युरोपीय रसायन संस्थेची 'अतिचिंताजनक पदार्थांची' यादी. ती सहसा वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जूनच्या आसपास, वाढते. तुम्ही युरोपात माल पाठवत नसाल तरी ती बघा. शाई बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या एकच कृती अनेक देशांत विकतात, त्यामुळे तिथे यादीत आलेला पदार्थ काही काळाने तुमच्याही डब्यातून गायब होतो. मग शाई 'थोडी वेगळी वागते' आणि दोष मशीनमनच्या माथी येतो.

याशिवाय आपल्या देशाचं राजपत्र आणि ज्या देशांत माल जातो तिथल्या ग्राहक सुरक्षा यंत्रणेची संकेतस्थळं. एवढ्यावर थांबा. वीस स्रोत लावले की एकही वाचला जात नाही, हा स्वानुभव आहे.

तिसरं: नियम वाचायचा कसा

मथळा वाचून निर्णय घेऊ नका. मूळ मजकूर उघडा आणि चार गोष्टी शोधा: कुठल्या वस्तूंना लागू, किती प्रमाणापासून, कुठल्या तारखेपासून, आणि जबाबदारी कोणाची. युरोपीय कायद्यात सुरुवातीला क्रमांक घातलेली लांबलचक प्रस्तावना असते. ती हेतू सांगते, बंधन कलमांत असतं. कलमांच्याही आधी परिशिष्ट बघा, वस्तूंची यादी तिथे असते.

जंगलतोडमुक्त मालाच्या युरोपीय कायद्याचं उदाहरण घेतो, कारण त्याने आमच्या धंद्यातल्या अनेकांची झोप घालवली. हा कायदा, २०२३/१११५, जून २०२३ अखेर अमलात आला. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचं लाकूड मालात नसल्याचं दाखवायचं, त्यासाठी लाकूड उगवलं त्या जमिनीचे अक्षांश-रेखांश द्यायचे, अशी त्याची अपेक्षा. मूळ परिशिष्टात ४८ व्या प्रकरणातला कागद होता आणि ४९ व्या प्रकरणातली छापील उत्पादनंही होती. प्रत्यक्ष लागू व्हायची तारीख होती ३० डिसेंबर २०२४. ती वर्षभर पुढे गेली. डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा पुढे गेली: मोठ्या आणि मध्यम कंपन्यांसाठी ३० डिसेंबर २०२६, सामान्यतः लहानांसाठी ३० जून २०२७. आणि त्याच दुरुस्तीत पुस्तकं, वृत्तपत्रं, छापील चित्रं अशी ४९ व्या प्रकरणातली उत्पादनं यादीतूनच निघाली.

ही शेवटची बातमी 'छपाईला सूट' अशा मथळ्याने फिरली आणि अनेकांनी फाइल बंद केली. पण डायरी ४८ व्या प्रकरणात आहे ना? लेबल, खोकी, नोंदवह्या, सगळं ४८ मध्ये. कॅलेंडर सुटलं, डायरी अडकली. वहीत क्रमांक लिहिलेला असेल तर हे पाच मिनिटांत कळतं. नसेल तर मथळ्यावर विसंबून राहता.

यातून मी लावून घेतलेली एक सवय सांगतो. कायद्याची एकत्रित, म्हणजे दुरुस्त्या मिसळलेली आवृत्ती वाचायची आणि तिच्यावरची तारीख बातम्यांच्या नोंदवहीत (तिच्याविषयी शेवटी सांगतो) लिहायची. 'अमलात आला' आणि 'लागू झाला' या दोन वेगळ्या तारखा असतात. युरोपचा पॅकेजिंगचा नवा कायदा, २०२५/४०, फेब्रुवारी २०२५ मध्ये अमलात आला, पण त्याच्या सर्वसाधारण तरतुदी लागू व्हायची तारीख १२ ऑगस्ट २०२६. खाद्यपदार्थाला लागणाऱ्या पॅकेजिंगमधल्या पीफास, म्हणजे तेल-पाणी न शोषू देणाऱ्या, रसायनांची मर्यादा याच तारखेला बांधलेली आहे. तेल न शोषणाऱ्या बोर्डवर खोकी छापत असाल तर कागद गिरणीला लेखी विचारणा त्या तारखेच्या कितीतरी आधी जायला हवी, कारण गोदामातला जुना बोर्ड एका रात्रीत संपत नाही.

चौथं: डब्यावरचा कागद

सॉल्व्हंट, शाई, वॉश यांच्याबरोबर सुरक्षा माहितीपत्रक येतं. त्याचे १६ विभाग ठरलेले असतात. बहुतेक छापखान्यांत ते एका जाड फाइलमध्ये लावून वर धूळ बसू दिली जाते. आमच्या फाइलमध्ये एका ब्लँकेट वॉशचं पत्रक अकरा वर्षांपूर्वीचं निघालं, आणि तो वॉश आम्ही रोज वापरत होतो. नाव तेच, आतला माल मधल्या काळात दोनदा बदललेला.

सगळे विभाग वाचायची गरज नाही. दुसऱ्यात धोका काय ते असतं, तिसऱ्यात घटक, आठव्यात हातमोजे आणि हवा खेळती ठेवण्याविषयी, पंधराव्यात लागू कायदे. सुधारणेची तारीख बघायला विसरू नका. धोक्यांना ठरलेले एच-क्रमांक असतात: एच३५० म्हणजे कर्करोगाचा धोका, एच३६० म्हणजे प्रजननक्षमतेला किंवा गर्भाला अपाय, एच३१७ म्हणजे त्वचेची ॲलर्जी. ताजं पत्रक आलं की जुन्याशेजारी ठेवून फक्त दुसरा आणि तिसरा विभाग ताडून बघा. नवा एच-क्रमांक दिसला तर ती तुमच्यासाठी त्या महिन्यातली सगळ्यात मोठी बातमी, मग ती कुठल्याही नियतकालिकात छापून आलेली नसो.

यूव्ही शाईतला टीपीओ हा प्रकाशाने सुकवणारा घटक असाच पुढे आला. जून २०२३ मध्ये तो युरोपच्या अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत गेला. प्रजननाला घातक ठरलेल्या अशा पदार्थाचं मिश्रणातलं प्रमाण ०.३ टक्के किंवा जास्त असलं की डब्यावर एच३६० येतो. शाईवाल्यांनी कृती बदलायला घेतल्या. कृती बदलली की सुकण्याचा वेग बदलू शकतो, म्हणून चाचणी तुम्हालाच घ्यावी लागते. पहिल्या मोठ्या जॉबवर नव्हे, त्याच्या आधी.

इथे जरा थांबून जपानमधली एक घटना सांगितली पाहिजे. ओसाकातल्या एका ऑफसेट प्रूफ छापणाऱ्या कारखान्यात तरुण कामगारांना पित्तनलिकेचा कर्करोग झाला. हा आजार एरवी उतारवयातला आणि दुर्मीळ, पण एकाच ठिकाणी डझनाहून जास्त जण निघाले. प्रूफच्या कामात प्रती थोड्या आणि जॉब बदलण्याची घाई, म्हणून ब्लँकेट दिवसभर पुसत राहायचं. पुसायला वापरलेल्या द्रावणात १,२-डायक्लोरोप्रोपेन होतं आणि खोलीत हवा नीट खेळत नव्हती. ते रसायन तेव्हा जपानच्या विशेष नियंत्रणाच्या यादीत नव्हतंच. प्रकरण २०१२ मध्ये उघड झालं, २०१३ मध्ये रसायन नियंत्रणाखाली आलं, २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत, टाकलं, आणि २०१६ पासून जपानमध्ये ठरावीक रसायनांसाठी धोक्याचं मूल्यमापन सक्तीचं झालं.

नियम शेवटी आला. त्यामुळे 'यादीत नाही म्हणजे चालतं' असं मी आता कोणाला म्हणू देत नाही. वॉशचा वास डोक्यात चढतोय अशी तक्रार मशीनवरून आली की तीही नोंदवहीत बातमी म्हणूनच जाते.

पाचवं: खाद्यपदार्थ आणि लहान मुलं

या दोन प्रकारच्या जॉबना वेगळ्या रंगाचं जॉब तिकीट द्या. आमच्याकडे ते पिवळं आहे.

कारण २००५ मध्ये इटलीत घडलं. बाळांच्या दुधात आयटीएक्स हे यूव्ही शाईतलं रसायन सापडलं आणि लाखो लिटर दूध बाजारातून उचलावं लागलं. शाई खोक्याच्या बाहेरच्या बाजूला होती. आत कशी गेली? छापलेला माल रिळात गुंडाळला की बाहेरची छापील बाजू पुढच्या वेढ्याच्या आतल्या बाजूला टेकते. ठसा दिसत नाही, पण सुटे रेणू पलीकडे जातात. याला सेटऑफ म्हणतात, आणि तो गठ्ठा लावलेल्या शीटमध्येही होतो. तेव्हा पिवळ्या तिकिटावर शाईचं पूर्ण नाव, बॅच क्रमांक, दिव्यांचे तास आणि गठ्ठ्याची उंची लिहून घ्या. 'फूड ग्रेड' एवढा शब्द पुरेसा नाही. शाईवाल्याकडून घटकांच्या स्थलांतराची माहिती देणारं निवेदन मागा.

मुलांच्या पुस्तकांबाबत अमेरिकेचा नियम मला वाचायला आवडतो, कारण तो छपाई समजून लिहिल्यासारखा आहे. २००८ च्या कायद्यानुसार मुलांच्या वस्तूंमध्ये शिशाचं प्रमाण दहा लाखांत १०० भागांपेक्षा जास्त चालत नाही. पण ग्राहक सुरक्षा आयोगाने कागद आणि सीएमवायके चार रंगांची छपाई शिशाच्या चाचणीतून मोकळी केली. स्पॉट कलर, म्हणजे या चारांबाहेरचा वेगळा तयार केलेला रंग, त्या सवलतीत नाही, स्क्रीन प्रिंटही नाही. मुखपृष्ठावर डिझायनरला सोनेरी पाचवा रंग हवासा वाटला की पुस्तक सवलतीच्या बाहेर पडू शकतं. हे कोटेशन देतानाच सांगा. प्लेट निघाल्यावर सांगितलं तर भांडण होतं.

सहावं: बाजाराची बातमी

नियमांइतकाच वेळ याला लागत नाही, पण नजर हवी. २०२२ च्या सुरुवातीला फिनलंडमध्ये यूपीएमच्या गिरण्यांत जवळजवळ चार महिने संप चालला. मथळे कागदाचे होते, पण लेबल छापणारेही अडचणीत आले, कारण चिकट लेबलांमागचा सुटा होणारा कागदही तिथूनच येत होता. २०२४ मध्ये अमेरिकेने चीन आणि जपानच्या ॲल्युमिनिअम ऑफसेट प्लेटवर डंपिंगविरोधी शुल्क लावलं. असं शुल्क एका देशात लागलं की माल इतरत्र वळतो आणि भाव दोन्हीकडे हलतात.

अशा बातमीवर करायच्या गोष्टी मोजक्याच. त्या मालाचा दुसरा पुरवठादार कोण आणि त्याच्या मालाची चाचणी कधी घेतली, ते वहीत बघा. कोटेशनवर वैधतेची तारीख आणि कागदाच्या भावफरकाची अट आहे का, ते बघा. वार्षिक करार असतील तर ज्या ग्राहकाचा कागद जास्त खपतो त्याला आधी फोन करा. भाव वाढल्यावर गेलेल्या पत्रापेक्षा वाढण्याआधी आलेला फोन ग्राहक ऐकून घेतो.

सातवं: ग्राहकाची प्रश्नावली

कायदा बहुतेक वेळा तुमच्याकडे थेट येत नाही. तो ग्राहकाच्या चाळीस प्रश्नांच्या तक्त्यातून येतो. त्यातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य 'आमच्या उत्पादनात कोणतेही घातक पदार्थ नाहीत' हे. त्यावर सही करू नका. सांगता येईल तेवढंच सांगा: अमुक तारखेच्या अमुक यादीतला कोणताही पदार्थ वजनाच्या ०.१ टक्क्यापेक्षा जास्त नाही, हे आमच्या पुरवठादारांच्या अमुक तारखेच्या निवेदनांवरून. युरोपात वस्तू वापरणाऱ्या सामान्य ग्राहकाने अशी माहिती मागितली तर ४५ दिवसांत द्यावी लागते, म्हणून ती निवेदनं आधीच फाइलमध्ये हवीत. यादी वाढली की तुमचं जुनं निवेदन शिळं झालं.

नाव-पत्ते छापत असाल तर युरोपच्या गोपनीयता कायद्याच्या नजरेत तुम्ही ग्राहकाच्या वतीने माहिती हाताळणारे ठरता. लेखी करार लागतो, आणि गळती झाली तर ग्राहकाला विनाविलंब कळवावं लागतं, कारण त्याच्या हातात यंत्रणेला कळवायला ७२ तास असतात. सर्व्हरची काळजी सगळे घेतात. मेक-रेडीच्या, म्हणजे मशीन जुळवतानाच्या, रद्दीत पडलेल्या, खऱ्या नावांच्या शीट मात्र रद्दीवाल्याच्या गाडीत चढतात. त्या वेगळ्या पेटीत टाका आणि फाडूनच बाहेर काढा.

आठवं: नोंदवही आणि सोमवारची वीस मिनिटं

नोंदवहीला रकाने मोजके ठेवा: बातमी, मूळ स्रोत आणि आवृत्तीची तारीख, वहीतली कुठली ओळ हलते, लागू व्हायची तारीख, कोण करणार, कुठल्या दिवसापर्यंत. नावाच्या रकान्यात माणसाचं नाव लिहा, 'खरेदी विभाग' नको. आमच्याकडे हा बदल केल्यावर रखडलेल्या अर्ध्या नोंदी महिन्यात निकाली निघाल्या.

सोमवारी खरेदी, प्रीप्रेस (छपाईआधीची तयारी) आणि मशीनवरचा एक जण अशा तिघांनी वीस मिनिटं बसायचं. मशीनवरचा माणूस वगळायचा मोह होतो, शिफ्ट अडते म्हणून. वगळू नका. शाई घट्ट येतेय, वॉश लवकर उडतोय, कागदाची धूळ वाढलीय, हे त्यालाच आधी कळतं, आणि यामागे पुष्कळदा कुठेतरी बदललेली कृती असते.

आणि नोंद बंद कधी करायची? बातमी वाचली, ईमेल पुढे पाठवला, फाइलमध्ये कागद लावला, एवढ्यावर नाही. जॉब तिकिटावर, खरेदीच्या ऑर्डरवर किंवा मशीनशेजारच्या फलकावर काहीतरी बदललं, तरच त्या ओळीवर रेघ मारायची. आमच्या प्रूफच्या पेटीची ओळ तब्बल सात महिने उघडी होती. अतिनील भाग असलेले दिवे आले, बसवले, मशीनमनने तीच जुनी मंजूर शीट त्यांच्याखाली धरली, कागद पुन्हा पांढरा दिसला, आणि मग रेघ मारली.